नववी 'ब'ची पचनसंस्था

जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मुलांनी 'भूलतज्ज्ञ' असं नाव ठेवलं होतं, आणि सरांना स्वतःला ते दोन वर्षं कळलंच नव्हतं. एकदा जिन्याखाली दोन मुली बोलत होत्या, "चल, पुढचा तास भूलतज्ज्ञांचा." सरांना वाटलं, कुणाच्या तरी वडिलांना दवाखान्यातून भाषणाला बोलावलेलं दिसतंय. भूल देण्याच्या शास्त्राबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. आपणही मागे बसून ऐकावं, असा विचार करून त्यांनी फळ्याशेजारचं वेळापत्रक पाहिलं. पुढचा तास त्यांचाच होता.

तसा माणूस वाईट नव्हता. विषय अगदी तोंडपाठ. यकृताबद्दल बोलताना तर त्यांना आतून भरून यायचं. पण ते भरून येणं आवाजापर्यंत कधी पोचायचं नाही. आवाज एका पट्टीत, दुपारच्या वेळी न्हाणीघरातला नळ ठिबकावा तसा. हातात चोवीस वर्षांपूर्वी काढलेल्या टिपणांची वही. पहिल्या पाच मिनिटांत खिडकीकडचा बाक झोपायचा, दहाव्या मिनिटाला मधली रांग, आणि तास संपता संपता एखादी मॉनिटर तेवढी डोळे ताणून बसलेली असायची, तीही कर्तव्य म्हणून.

यंदा शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जरी त्या सरांपेक्षा नऊ वर्षांनी लहान होत्या. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: या सत्रात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाकडून एक सर्जनशील माध्यम प्रकल्प करून घ्यायचा. सिनेमा, रेडिओ, चित्रफीत, वर्तमानपत्र, काहीही. पालकांच्या सभेत तो सादर करायचा आणि त्या दिवशी शिक्षणाधिकारीही येणार.

सर कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. "बाई, माध्यम म्हणजे आपलं मराठी माध्यमच ना? ते तर आहेच."

"तसं नाही हो सर. मुलांच्या हातात माध्यम द्या. त्यांना काहीतरी बनवू द्या."

"बेडकाची आकृती काढायला देतो मी दर वर्षी."

"बेडूक नको," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्यांनी फोन उचलला. म्हणजे विषय संपला.

सरांनी नववी 'ब'ला ही बातमी नेहमीच्याच आवाजात सांगितली. सांगेपर्यंत सात जण झोपले होते. पण पहिल्या बाकावर बोलबाई होती. ही मुलगी सकाळी प्रार्थनेला बोलायला लागायची ती शाळा सुटेपर्यंत थांबायची नाही, म्हणून ते नाव. ती ताडकन उभी राहिली. "सर, म्हणजे सिनेमा काढायचा?"

सिनेमा हा शब्द कानावर पडताच सातही जण उठून बसले.

"धडा पचनसंस्थेचा आहे," सर म्हणाले. "पोटाच्या आत जाऊन सिनेमा कसा काढणार?"

मागून लंबू उठला. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, नुकताच आवाज फुटलेला. एका वाक्यात दोनदा बाप आणि एकदा लेक बोलल्यासारखा वाटायचा. "सर, मोबाइल चालू करून गिळला तर?"

सरांनी या प्रश्नाचा नीट विचार केला. "बाहेर यायला दोन दिवस लागतील," ते गंभीरपणे म्हणाले, "आणि नंतर तो हातात कोण घेणार?"

वर्ग खो खो हसला. सरांनी चटकन मागे वळून पाहिलं, दारात कुणी येऊन उभं राहिलंय की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं. चोवीस वर्षांत आपल्या वाक्यावर वर्ग पहिल्यांदाच हसला, हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

शेवटी तोडगा काढला तो खिडकीकडच्या एका मुलीने. तिला सगळे 'कानातली' म्हणायचे, कारण तिच्या कानात कायम इअरफोन असायचे. सरांनीच ते चारदा जप्त केले होते. ती म्हणाली, "सर, रेडिओचं नाटक करू. आवाजात काय वाटेल ते दाखवता येतं. पोटात कॅमेरा नको, काही नको."

झालं, ठरलं. उकडलेल्या बटाट्याच्या एका घासाचा प्रवास, तोंडापासून शेवटापर्यंत. लिहिणार बोलबाई, आवाज घेणार कानातली, आणि घास होणार लंबू, कारण घासाचं जसं वाटेत रूप बदलतं तसा त्याचा आवाज आपोआपच बदलायचा.

बाकीच्या भूमिका वाटताना मात्र वर्गात बाजार भरला. नऊ जणांना हृदय व्हायचं होतं.

"हृदय पचनसंस्थेत नसतं!" सर ओरडले. ओरडले म्हणजे त्यांच्या मानाने ओरडले.

"मग पाहुणा कलाकार म्हणून घ्या ना, सर."

जठर व्हायला आठ जण एकत्र तयार झाले, कारण आम्लाच्या नावाखाली दंगा करता येणार होता. स्वादुपिंड हे नाव ऐकून एका खादाड मुलाने हात वर केला; त्याला तो खाऊचा प्रकार वाटला होता. मोठं आतडं व्हायला कुणीच तयार होईना. आणि शेवटच्या बाकावर 'उशी' होता. हा मुलगा दप्तरावर डोकं ठेवून झोपण्यात पटाईत. त्याने एक डोळा उघडून विचारलं, "सर, ज्याला काहीच काम नाही असा अवयव आहे का?"

"आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स," सर म्हणाले. आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पुढे जोडलं, "हल्ली काही तज्ज्ञांचं म्हणणं आहे की त्यालाही थोडंफार काम असावं. पण पचनात काही नाही."

"मग मीच," असं म्हणून उशीने डोळा मिटला.

पुढच्या आठवड्यात एक नवलच घडलं. मुलं पुस्तक उघडायला लागली. अभ्यासाला नव्हे, भांडायला. यकृत झालेल्या मुलाला घासाशी समोरासमोर बोलायचं होतं, म्हणून बोलबाईने मस्त प्रसंग लिहिला होता: यकृत हे एक कचेरी आहे आणि घास अर्ज घेऊन रांगेत उभा आहे. सरांनी तो वाचला आणि मान हलवली.

"घास यकृतात जातच नाही. तो लहान आतड्यात जातो. यकृत तिकडे नुसतं पित्त पाठवतं."

"सर, पण मग त्यांची भेट कशी होणार?"

"होतच नाही."

बोलबाईचा चेहरा पडला. मग ती एकदम म्हणाली, "फोनवर बोलतील! 'हॅलो, यकृत कचेरी. पित्त पाठवलंय, सही करून घ्या.'"

सरांना हे इतकं पटलं की त्यांनी आपल्या वहीच्या समासात लिहून घेतलं. चोवीस वर्षांत त्या वहीत पडलेली ती पहिली नवी ओळ.

पण लगेच पित्ताशयाची तक्रार आली. पित्ताशय म्हणजे दोन वेण्या घालणारी एक काटेकोर मुलगी. तिने पुस्तकात बोट ठेवून दाखवलं की पित्त हे चरबीच्या कामाचं, आणि बटाट्यात तर चरबी जवळजवळ नाहीच. "म्हणजे मी काय करायचं सर? नुसती लटकून राहू?"

वर्गाने डोकी एकत्र आणली आणि पाच मिनिटांत निकाल दिला: बटाट्याला लोणी लावायचं.

आणि त्याच तासाला, जठराचे आठही जण 'आम्ल! आम्ल!' म्हणून बाकं बडवत असताना, शेवटच्या बाकावरून उशीचा आवाज आला. "सर, आम्ल एवढं जोरदार आहे, बटाटा विरघळवतं, मांस विरघळवतं; मग ते पोटालाच का नाही पचवत? पोट पण मांसाचंच ना?"

बाकं बडवायची थांबली. सर फळ्यापाशी खडू हातात धरून तसेच उभे राहिले. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वहीच्या बाराव्या पानावर तिसऱ्या ओळीत होतं. दर वर्षी ते ती ओळ वाचून दाखवत: जठराच्या आतून श्लेष्माचा चिकट थर असतो आणि तो जठराचं रक्षण करतो. चोवीस वर्षं उत्तर देत आले होते. प्रश्न मात्र आज कुणीतरी विचारला होता.

"बैस, सांगतो," ते म्हणाले. खरं तर उशी उठलाच नव्हता. सांगताना त्यांचा आवाज मध्येच किंचित वर गेला. खडूही मोडला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हललं नाही, आणि घंटा ऐकून सरांनाच वाईट वाटलं.

सगळ्यांचे संवाद कसेबसे वर्गात घेऊन झाले, पण बाकीच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रणाला शाळेत शांत जागा मिळेना. प्रत्येक वर्गात कुणाचा ना कुणाचा प्रकल्प चालू होता आणि सभागृहात इतिहासाच्या सरांनी लढाई लावली होती. तेव्हा रविवारी दुपारी बोलबाई, कानातली, लंबू आणि आणखी चौघं सरांच्या घरी धडकली.

सरांची बायको कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत तिची शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि भिंतीला टेकवलेली सरांची आरामखुर्ची. घरी आलेली मुलं बघून तिला आधी वाटलं सरांनी कुणाला शिक्षा केलीय. प्रकार कळल्यावर मात्र तिने पदर खोचला.

"काकू, जठर घुसळतं तो आवाज हवाय."

"बादलीत ओली चादर घाल आणि बडव. मी रोज तेच करते."

ओल्या चादरीने जठर झालं. लंबूने ओला फडका मुठीतून पिळून घास गिळल्याचा आवाज दिला. यकृताच्या फोनआधी कुकरची शिट्टी वाजली. लहान आतड्यासाठी काकूंनी स्वतः मशीन चालवली, कधी भरभर, कधी टाका टाका मोजत, आणि मध्येच म्हणाल्या, "किती लांब असतं गं हे आतडं?"

"सहा मीटरच्या आसपास," आरामखुर्चीतून सर म्हणाले.

"बाई! दोन झगे होतील."

अडलं ते मोठ्या आतड्यापाशी. बोलबाईला आवाज हवा होता जड, संथ, कसलीही घाई नसलेला. मुलांनी रिकाम्या बाटलीत फुंकून पाहिलं, खुर्ची ओढून पाहिली, लंबूला घशातून घुमायला लावलं. काही जमेना. काकू शिवलेले कपडे पोचवायला खाली गेल्या. सरांनी जेवणानंतरचा जरासा डोळा लावला.

ते जागे झाले तेव्हा घरात विलक्षण शांतता होती. सगळी मुलं भिंतीला टेकून शहाण्यासारखी उभी होती आणि कानातली त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसून हातातला मोबाइल खिशात घालत होती.

"काय गं?"

"काही नाही सर. पंख्याचा आवाज घेत होते."

"मिळालं का मोठं आतडं?"

"मिळालं सर," बोलबाई म्हणाली, आणि एवढी बोलकी मुलगी पुढे एक अक्षर बोलली नाही. सरांना तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माणूस सरळ. त्यांना वाटलं, पोरगी दमली असेल.

पालकांच्या सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई आणि शिक्षणाधिकारी. साहेबांनी तोवर इतिहासाची लढाई, भूगोलाची चित्रफीत आणि भाषेचं वर्तमानपत्र पाहून घेतलं होतं आणि त्यांची मान हळूहळू छातीकडे चालली होती. सर भिंतीशी उभे होते. तिसऱ्या रांगेत त्यांची बायको नवी साडी नेसून, आपल्या मशीनचा आवाज ऐकायला आली होती.

दोन स्पीकर सुरू झाले. ओला फडका पिळला गेला आणि लंबूचा घास घाबरून ओरडला, "अरे, मला कुठे ढकलताय?" तेवढ्यात त्याचा आवाज फुटला आणि लोक हसले. साहेबांनी मान वर केली. जठरात आठ जणांनी हैदोस घातला. कुकरची शिट्टी झाली. "हॅलो, यकृत कचेरी. हातात पाचशे कामं आहेत, लवकर बोला." पालकांमधले कचेरीवाले टाळ्या देऊन हसायला लागले. पित्ताशयाने लोण्यावर झडप घातली. मशीन खडखडली तेव्हा सरांच्या बायकोने शेजारणीला कोपर मारलं, "ही माझी!" मध्येच कुठूनतरी उशीचा झोपाळू आवाज आला, "मी आंत्रपुच्छ. माझ्यामुळे थांबू नका." त्याला सगळ्यांत मोठी टाळी पडली.

मग निवेदन झालं: "आणि आता, मोठं आतडं."

सभागृहात एक आवाज भरून राहिला. खोलवरून निघालेला, खडकांवरून गाडा ओढावा तसा वर चढणारा, माथ्यावर क्षणभर अडणारा आणि मग शिट्टी घालत उतरणारा. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. संथ, भरदार, घाईचं नाव नाही.

"अगंबाई!" तिसऱ्या रांगेतून सरांची बायको उभीच राहिली. "हे तर आमच्या ह्यांचं घोरणं!"

सगळ्या माना भिंतीशी उभ्या असलेल्या सरांकडे वळल्या. स्पीकर घोरतच होता.

"अहो, सव्वीस वर्षं ऐकतेय," ती शेजारणीला समजावून सांगायला लागली, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "मी ओळखणार नाही होय? शेवटची ती शिट्टी ऐका. सर्दी झाली की दोन होतात."

सभागृह कोसळलं. पालक, मुलं, शिपाई, इतिहासाचे सर, सगळे पोट धरून हसत होते. सरांना वाटलं, धरणीने आपल्याला पोटात घ्यावं. पण पोटात गेल्यावर पुढे काय काय होतं ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला होता.

शिक्षणाधिकाऱ्यांनी डोळे पुसले आणि मागे वळून विचारलं, "सर, हा आवाज तुमचाच?"

"माझाच असावा, साहेब," सर म्हणाले. "मला तो ऐकायची कधी संधी मिळाली नाही."

पुन्हा हशा. सर थांबले, आणि मग न राहवून म्हणाले, "पण शास्त्रीयदृष्ट्या ही चूक आहे. मोठं आतडं घोरत नाही."

"मग तो आवाज का घेतला?"

बोलबाई व्यासपीठामागून पुढे आली. तिचे कान लाल झाले होते. "साहेब, दुसरा कुठलाच आवाज इतका सावकाश नव्हता. मोठं आतडं कधी कधी एक दिवस घेतं, दीड दिवस घेतं. सरांनीच सांगितलंय."

"एवढा वेळ करतं काय ते?" मागून कुणाच्या तरी आजोबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल नव्हतं, जुनं दुखणं होतं.

सर पुढे झाले. ते उरलेलं पाणी कसं शोषून घेतं, ते फार घाईने गेलं तर काय होतं, फारच रेंगाळलं तर काय होतं, हे ते सांगायला लागले. वही घरी राहिली होती. आजोबांनी आणखी दोन प्रश्न विचारले, तिसरा एका आईने विचारला. सात-आठ मिनिटांनी सरांच्या लक्षात आलं की सभागृहात अडीचशे माणसं बसली आहेत आणि सगळी जागी आहेत. मग मात्र ते गडबडले, "असो" म्हणाले आणि भिंतीपाशी परत जाऊन उभे राहिले.

बाहेर व्हरांड्यात बोलबाई आणि कानातली खाली मान घालून आल्या. "सर, चुकलो. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," सर म्हणाले. "पुढच्या वेळी विचारा."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

सरांनी थोडा विचार केला. "हो म्हणालो असतो, तरी मुद्दाम झोप लागली नसती," ते म्हणाले. दोघी हसत पळाल्या. बायको मात्र घरी जाईपर्यंत स्वतःवरच चिडली होती, की आपण ऐन वेळी उठलो आणि नाटकाचा शेवटचा भाग ऐकायचा राहिला.

मोठ्या बाईंनी प्रकल्पाचा अहवाल भरायला फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'वापरलेले साहित्य'. सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बादली एक, चादर एक, कुकर एक, शिलाई मशीन एक, शिक्षक एक (झोपलेला). मोठ्या बाईंनी फॉर्म परत पाठवला नाही; उलट त्याची एक प्रत आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली.

सहामाही परीक्षा झाली. नववी 'ब'ने पचनसंस्थेचा प्रश्न असा काही लिहिला की सर उत्तरपत्रिका तपासताना दोनदा उठून पाणी प्यायले. काहींनी सगळं उत्तर संवादातच लिहिलं होतं. उशीने जठराच्या थराबद्दल दीड पान लिहिलं होतं, मग बहुधा झोपला होता, कारण पुढचे तीन प्रश्न कोरे होते. पण तेरा जणांनी मोठ्या खात्रीने लिहिलं होतं की लोणी लावल्याशिवाय बटाटा पचत नाही.

सरांनी डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांत मुलांनी काही चुकीचंसुद्धा लक्षात ठेवलं नव्हतं. आता ठेवलं होतं, आणि तेही घट्ट. दुसऱ्या दिवशी ते वर्गात जाऊन म्हणाले, "बटाट्यावरचं लोणी काढायला पाहिजे." त्यावर तासभर वाद झाला. पित्ताशयाने आपलं काम जातंय म्हणून निषेध नोंदवला. शेवटी असं ठरलं की एक तीन मिनिटांची दुरुस्ती-बातमी काढायची आणि ती मधल्या सुट्टीत शाळेच्या स्पीकरवरून लावायची. सरांनी ती दोनदा तपासली.

बातमी लागली त्याच दुपारी शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच पेरू कापत बसले होते, तेव्हा गणिताच्या बाई आत आल्या. त्यांचा प्रकल्प पालकांच्या सभेत तक्त्यांवर आटोपला होता आणि साहेबांनी तो उभ्या उभ्याच पाहिला होता. बाईंनी आधी व्हरांड्यात डोकावून पाहिलं, मग दार लोटून घेतलं आणि समोरची खुर्ची ओढली.

"सर, एक विचारू? हसू नका हं."

"विचारा ना."

"त्रिकोणाचा आवाज कसा असेल हो?"

सरांनी पेरूची फोड खाली ठेवली आणि खरोखरच विचार केला. त्रिकोणाबद्दल त्यांना फारसं कळत नव्हतं.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "कानातलीला विचारू या. पण बाई, जायच्या आधी एक ठरवून ठेवा. विशालकोन कोण होणार यावरून भांडणं होतील." त्यांनी पेरूची बशी बाईंपुढे सरकवली. दोघांनी एकेक फोड उचलली आणि खात खातच ते नववी 'ब'कडे निघाले.